बँड पार्टीतला मुलगा जॅझच्या बँडमध्ये बसेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. सांगली जिल्ह्यात तुमची तीन पिढ्यांची बँड पार्टी आहे. मुलगा १९ वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि लग्नसराईत तुमच्याबरोबर ट्रम्पेट वाजवतो. गेलं वर्षभर तो रात्री मोबाइलवर अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस ऐकतोय आणि म्हणतोय, मला जॅझच वाजवायचंय. तुम्ही त्याला मुंबईला एका कार्यक्रमाला घेऊन गेलात. तिथे मिळालेल्या पत्रकात वादकांचे परिचय होते: एक जण अमेरिकेत शिकून आलेला, एकीचे वडील पियानोवादक, एकानं लंडनच्या परीक्षा दिलेल्या. ते वाचून तुम्ही विचारलंत, या लोकांत आमचा पोरगा कसा बसणार? आणि हे लोक यावरच जगतात, की घरचं बरं असतं म्हणून वाजवतात?

प्रश्न दोन आहेत, पण शेवटी तुम्ही एक वाक्य लिहिलंय, तेच मला जास्त लागलं: 'गावात आम्हाला वाजंत्री म्हणतात, तिथे तरी त्याला वादक म्हणतील का?' उत्तर लांबेल, कारण हे तिन्ही एकमेकांत अडकलेलं आहे.

माझ्याबद्दल इतकंच सांगते, की मी ३४ वर्षं पियानो वाजवते आणि त्यातली २२ वर्षं जॅझ बँडसाठी चार्ट लिहिते, म्हणजे कोणत्या वाद्यानं कुठे काय वाजवायचं ते कागदावर उतरवते. गिरगावातल्या चाळीत वाढले. वडील बँकेत होते, घरात वाद्य म्हणजे आजोबांची पेटी. भजनी मंडळाला साथ करता करता बोटं तयार झाली आणि दहावीनंतर धोबीतलावला एका गोवेकर सरांकडे पियानो शिकायला जाऊ लागले. सरांनी उभं आयुष्य सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवण्यात घालवलं होतं. माझा परिचय पत्रकात छापतात तेव्हा त्यात आजोबांची पेटी नसते, भजनी मंडळही नसतं. परीक्षा असतात आणि ज्यांच्याबरोबर वाजवलं त्या मोठ्या कलाकारांची नावं असतात.

सगळेच परिचय असे असतात. वादक कुठे पोचला ते त्यात येतं. तो कुठून निघाला आणि मधल्या वर्षांत घरभाडं कशातून दिलं, ते येत नाही. आमच्याच बँडचं बघा. आम्ही सात जण आहोत. सॅक्सोफोनवाला केरळचा, चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेला. सकाळी ठाण्यातल्या एका शाळेत संगीत शिकवतो. ट्रम्पेटवाले काका नौदलाच्या बँडमधून निवृत्त झालेत. डबल बास वाजवणारा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि शुक्रवारी रात्री ते भलंमोठं वाद्य गाडीत आडवं घालून येतो. ट्रॉम्बोनवाला मिझोरमचा, साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेच्या ब्रास बँडमध्ये शिकलेला. ड्रमर लालबागचा आहे. त्याच्या हातात पहिली काठी आली ती गणपतीतल्या ताशाची, आणि आज त्याचं घर जाहिरातींच्या रेकॉर्डिंगवर चालतं. गिटार वाजवणारी मुलगी अमेरिकेत चार वर्षं शिकली. वडिलांनी त्यासाठी कर्ज काढलं होतं, ते ती अजून फेडतेय. सातवी मी. पत्रकात आम्ही सगळे एकसारखे दिसतो. तालमीला आलात तर प्रत्येकाचं घर कुठल्या गल्लीत आहे ते वाजवण्यावरून ओळखू येईल.

तुमचा मुलगा रात्री जे ऐकतो ते बहुधा माइल्सचं 'काइंड ऑफ ब्लू' हे रेकॉर्ड असेल, ट्रम्पेटवाल्यांची सुरुवात बहुतेक तिथूनच होते. न्यूयॉर्कच्या ज्या स्टुडिओत ते १९५९ मध्ये दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झालं, तो स्टुडिओही पूर्वी चर्च होता. त्यातली माणसं कुठली होती ते त्याला सांगा. माइल्स डेव्हिसचे वडील दातांचे डॉक्टर, घरची शेती, परिस्थिती चांगली. त्याला ज्युलियर्डसारख्या नामांकित संगीत संस्थेत घातलं, तिथलं शिक्षण त्यानं अर्ध्यावर सोडलं. जॉन कोल्ट्रेनचे वडील शिंपी होते आणि तो स्वतः नौदलाच्या बँडमध्ये होता. कॅननबॉल ॲडर्ली फ्लोरिडातल्या एका शाळेत बँड शिकवणारा मास्तर होता, न्यूयॉर्कला आला तेव्हा २६ वर्षांचा होता. बिल इव्हान्स हा गोरा मुलगा लुइझियानातल्या कॉलेजात बासरीच्या शिष्यवृत्तीवर शिकला आणि मग लष्कराच्या बँडमध्ये गेला. पियानोवर एका रचनेपुरता बसलेला विंटन केली जमैकाहून आलेल्या आईबापांचा मुलगा. ड्रमर जिमी कॉबनं हॉटेलात टेबलं आवरून मिळालेल्या पैशांतून पहिला ड्रमसेट घेतला. बास वाजवणारा पॉल चेंबर्स तर ध्वनिमुद्रणाच्या दुसऱ्या दिवशी, २२ एप्रिलला, २४ वर्षांचा झाला. बासकडे वळण्याआधी तो ट्यूबा वाजवायचा. या सात जणांत लष्कर किंवा नौदलाच्या बँडमधून आलेले किती निघतात ते मोजा, शिवाय एक जण शाळेच्या बँडचा मास्तर. फुंकायच्या वाद्यांची तालीम जिथे फुकट किंवा पगारावर मिळते, तिथूनच जॅझला माणसं मिळत आली आहेत.

त्याच्याही आधीचं सांगायचं तर अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स. ज्या गावात हे संगीत जन्मलं तिथे ब्रास बँड मिरवणुकीत वाजायचे आणि अंत्ययात्रेतही वाजायचे. मयताला जाताना संथ, परत येताना नाचत. पुढे जगभर गाजलेला ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग ११ वर्षांचा असताना रस्त्यात पिस्तूल उडवलं म्हणून मुलांच्या सुधारगृहात गेला आणि तिथल्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचंच आखूड भावंड, शिकला. तुमची पार्टी वरातीत चालते तशी ती माणसंही रस्त्यावर चालत वाजवायची. म्हणून तुम्ही 'आम्ही फक्त वरातीत वाजवतो' असं लिहिलंत तेव्हा मला थांबावंसं वाटलं. जॅझच्या दृष्टीनं वरात ही मूळ जागा आहे.

आता मुंबईकडे येते, कारण हा धागा थेट तुमच्या घरापर्यंत येतो. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी तिथल्या नाचघरात बँड चालवले. वेदरफर्ड शिकागोत आर्मस्ट्राँगच्या बरोबरीनं वाजवलेला माणूस. शांघायला राहिला, मुंबईला आला, पुढे कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात स्थिरावला आणि १९४५ मध्ये तिथेच कॉलऱ्यानं गेला. ही मंडळी आली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसून वाजवू शकणारे आणि पुढे त्यांची जागा घेऊ शकणारे वादक मुंबईत तयार होते. ते मुख्यतः गोव्याचे होते.

गोव्याचेच का, हे समजून घ्या, कारण तुमच्या मुलाचं उत्तर त्यात आहे. पोर्तुगीज काळापासून गोव्यात चर्चला जोडून पॅरिश शाळा होत्या. तिथला मेस्त्री, म्हणजे संगीताचा मास्तर, मुलांना सोल्फेज शिकवायचा, म्हणजे पाच रेघांवरचे स्वर डोळ्यांनी वाचून गळ्यानं म्हणायचे, आणि हातात व्हायोलिन द्यायचा. हेतू होता चर्चमधल्या प्रार्थनेला साथ मिळावी. पण तो मुलगा मोठा होऊन मुंबईला आला की समोर कुठलाही कागद ठेवा, वाजवायचा. आल्दोन्याच्या अशाच शाळेत शिकलेले आंतोनियो झेवियर वाझ मुंबईत ट्रम्पेटवर चिक चॉकलेट झाले, त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रम्पेट वाजवायचे. पुढे त्यांनी 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे कोंकणी चित्रपट काढले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन घेऊन आले आणि त्यांच्याकडे प्यारेलाल शिकले. प्यारेलाल यांचे वडील रामप्रसाद शर्मा हेही ट्रम्पेटवादकच, आणि नोटेशन शिकवणारे गुरू म्हणून मुंबईत त्यांना मोठा मान होता. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या त्या गाण्यातलं अँथनी गोन्साल्विस हे नाव प्यारेलाल यांच्या या गुरूंचंच आहे.

सगळेच गोव्याचे होते असंही नाही. सॅक्सोफोनवर रूडी कॉटन हे नाव गाजलं, ते मुळात पारशी, कावसजी खटाव. ड्रम आणि तालवाद्यांवर कावस लॉर्ड, त्यांची मुलं केर्सी आणि बुजी याच धंद्यात आली. मनोहारी सिंग नेपाळी घरातले. कलकत्त्याजवळच्या बाटानगरात बुटांच्या कारखान्याचा ब्रास बँड होता, त्या बँडमधून ते आले आणि १९५८ मध्ये मुंबईत सॅक्सोफोनवादक म्हणून उभे राहिले. लुई बँक्स दार्जिलिंगचे, मूळ नाव दंबर बहादुर बुढाप्रीती, वडील ट्रम्पेटवादक. काठमांडूच्या हॉटेलात, मग कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर वाजवून ते मुंबईत आले. ही नावं तुम्हाला मुद्दाम सांगतेय. चर्चची शाळा, कारखान्याचा बँड, वडिलांचं ट्रम्पेट. तुमच्या पत्रकातली अमेरिकेची पदवी फार अलीकडची गोष्ट आहे.

आणि ही माणसं राहायची कुठे? धोबीतलावच्या कुडांत. एकेका गावाचा एकेक कूड, म्हणजे गावकऱ्यांची मुंबईतली खोली. भिंतीला लागून ट्रंका, कोपऱ्यात देवाची जागा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी आणि वादक सगळे तिथे टेकायचे. माझे सर पहिली पाच वर्षं असेच राहिले. त्यांची व्हायोलिनची पेटी रात्री उशाला असायची, कारण ठेवायला दुसरी जागा नव्हती. त्या पेटीचं कातड एका बाजूनं डोक्याच्या तेलानं काळं पडलं होतं, ते त्यांनी मला दाखवलंय.

त्यांचा दिवस कसा असायचा ते ऐका. सकाळी स्टुडिओ, रात्री हॉटेल. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणायचा, सहायक ती सरगममध्ये टिपायचा, अरेंजर तिचं पाच रेघांवरचं नोटेशन करायचा, कॉपीइस्ट प्रत्येक वाद्यासाठी वेगळी प्रत उतरवायचा. मग ४०-५० माणसं एकाच वेळी वाजवायची. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र अस्सल मराठी चालीचे, आणि त्यांच्या शेजारी आल्दोन्याचे चिक चॉकलेट. १९५१ च्या 'अलबेला'त ऐकू येतं ते या दोघांच्या एकत्र बसण्यातून आलेलं आहे. लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसूझा फाळणीनंतर मुंबईत आले आणि शंकर-जयकिशन यांचे अरेंजर झाले. ही जॅझची माणसं होती, पण त्यांचं पोट सिनेमानं भरलं. १९४९ च्या कायद्यानं मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतली नाचघरं ओसरली, तेव्हा तर स्टुडिओ हाच मोठा आधार राहिला. रेकॉर्डच्या तबकडीवर मात्र संगीतकाराचं आणि गायकाचं नाव असायचं, वाजवणाऱ्यांचं आणि अरेंजरचं नसायचं. तुम्हाला वाजंत्री म्हणतात याचं दुःख त्यांना नेमकं कळलं असतं. माझ्या सरांनी वाजवलेली गाणी रेडिओवर लागली की ते आपली जागा बोटानं हवेत वाजवून दाखवायचे. मी तेवढ्यावरून त्यांना ओळखत गेले.

तेव्हा 'हे लोक यावरच जगतात का' याचं सरळ उत्तर: जॅझवर नाही, संगीतावर. माझाच हिशेब देते. गेल्या वर्षी मी मिळवलेल्या दर १०० रुपयांत ११ जॅझच्या कार्यक्रमांचे होते. ४२ शिकवणीचे, २७ चार्ट लिहिण्याचे आणि रेकॉर्डिंगचे, बाकीचे २० लग्नाचे स्वागतसमारंभ, कंपन्यांचे कार्यक्रम आणि नाटकांचं पार्श्वसंगीत यांचे. ११ रुपयांसाठी बाकीचे ८९ मिळवायचे, असं हे आयुष्य आहे, आणि मला ते आवडतं. पण ते आधी माहीत असलं पाहिजे. एका हॉटेलनं आमचे तीन महिन्यांचे पैसे अकरा महिन्यांनी दिले, तेव्हा शिकवणीनं हात दिला. २०२० मध्ये सगळे मंच बंद झाले तेव्हा ज्यांच्याकडे फक्त कार्यक्रम होते त्यांनी वाद्यं विकली. ज्यांना नोटेशन लिहिता येत होतं किंवा शिकवता येत होतं, ते टिकले. तुमच्या मुलाकडे लग्नसराईची सुपारी आहे. ती सोडायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. मार्च ते मे तो तुमच्याबरोबर वाजवेल तर उरलेल्या वर्षाचं बरंच ओझं कमी होईल.

आता त्याच्याकडे काय आहे आणि काय नाही, ते माझ्या एका अनुभवावरून सांगते. सहा वर्षांपूर्वी साताऱ्याकडचा एक मुलगा आमच्या तालमीला आला होता. बँड पार्टीतलाच, क्लॅरिनेट वाजवायचा. आम्ही एका रचनेची पहिली आठ मापं (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) वाजवली, त्यानं ती एकदाच ऐकली आणि जशीच्या तशी काढून दाखवली, सॅक्सोफोनवाल्यानं शेवटच्या स्वराला दिलेल्या हलक्या ओढीसकट. खोलीत सगळे गप्प झाले. मग मी त्याच्यापुढे चार्ट ठेवला, तर त्यानं क्लॅरिनेट मांडीवर ठेवला आणि म्हणाला, 'मॅडम, कागद राहू दे, तुम्ही वाजवा, मी धरतो.' दुसरी अडचण आवाजाची. रस्त्यावर जनरेटर आणि फटाक्यांच्या वर जाणारा सूर त्यानं पंधरा बाय वीसच्या खोलीत लावला आणि बासचा एक स्वर कुणाला ऐकू येईना.

कान, स्मरण, ओठांची ताकद, चालत्या गर्दीत ताल न सोडणं, हे त्याच्याकडे भरपूर होतं. चार वर्षं परदेशात शिकूनही काहींना ते येत नाही. नव्हतं ते वाचन, हळू आवाजात वाजवणं, आणि कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छाचं, भान. यातलं हळू वाजवणं सगळ्यात लवकर आलं. मी त्याला कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्यात तोंड करून वाजवायला सांगितलं, रोज वीस मिनिटं, दोन कप्प्यांच्या मध्ये सूर धरायचा आणि तो तुटू न देता जितका बारीक करता येईल तितका करायचा. तीन महिन्यांत फरक पडला. ट्रम्पेटला हे जास्त जड जातं, पण जमतं. मुलाला आजपासूनच सुरू करू द्या.

वाचनाला साताऱ्याच्या त्या मुलाला १४ महिने लागले. पहिले सहा महिने तर त्याला वाटायचं, आपण उगाच लहान मुलांचं गिरवतोय. हा टप्पा धोक्याचा असतो. ज्याला कानानं सगळं येतं, त्याला दोन ओळी वाचायला पाच मिनिटं लागली की अपमान वाटतो आणि तो सोडून देतो. पण गोव्याच्या मुलांना मुंबईचं दार उघडलं ते याच किल्लीनं. आठ कार्यक्रमांत आठ वेगळ्या लोकांबरोबर, एकाच तालमीवर वाजवायचं असेल तर पाठांतर पुरत नाही.

कॉर्डचं भान म्हणजे काय, ते तुम्हाला आपल्या भाषेत सांगते. रागात सा हलत नाही. तंबोरा एकच जमीन धरून ठेवतो आणि तुम्ही तिच्यावर कुठेही फिरता. जॅझमध्ये पायाखालची जमीनच दर काही मापांनी सरकते. वाजवणाऱ्यानं सरकलेल्या जमिनीवर तोल सांभाळून पुढचं वाक्य बोलायचं असतं. बँड पार्टीतल्या मुलाला सुरावट येते, पण बहुतेक वेळा सगळी वाद्यं एकच चाल वाजवतात, त्यामुळे खाली काय सरकतंय हे ऐकायची सवय नसते. त्यावर उपाय म्हणजे पेटी. घरात असेलच.

कशावर काय अवलंबून आहे, तेही स्पष्ट सांगते. एक म्हणजे त्याच्या ओठांची ठेवण. पार्टीत दिवसाला सहा-सहा तास वाजवताना बरेच जण माउथपीस ओठांवर जोरानं दाबतात. दाबून वाजवायची सवय पक्की झाली असेल तर चांगला शिक्षक आधी ती मोडेल, आणि त्या काही महिन्यांत त्याचा सूर आजच्यापेक्षा वाईट होईल. हे लग्नसराईत करता येणार नाही. जूनमध्ये सुरू करायला हवं. तुमच्या पार्टीत दुसरा मुख्य ट्रम्पेटवाला आहे का, हेही बघावं लागेल. मुंबईत वर्षभर राहण्याचा खर्च झेपेल का, हे मी कसं सांगणार. झेपत नसेल तर पहिलं वर्ष सांगलीतच काढता येईल, ऑनलाइन शिकवणारे चांगले ट्रम्पेटवादक आहेत आणि महिन्यातून एकदा समोरासमोर धडा पुरेल. इंग्रजीची भीती मात्र काढून टाका. चार्टवरचे शब्द ४०-५० असतील, ते पंधरा दिवसांत पाठ होतात.

बी.कॉम. पुरं करू दे. त्यानंतरची एक वाट मला सगळ्यात भरवशाची वाटते, ती म्हणजे लष्कर, नौदल किंवा पोलिसांचा बँड. नौदल वादकांची वेगळी भरती करतं आणि त्यांचं प्रशिक्षण कुलाब्याला होतं. लष्कराच्या बँडवाल्यांचं पचमढीला. वयाची अट आणि भरतीच्या अटी बदलत असतात, म्हणून चालू जाहिरात नीट वाचा. तिथे नोटेशन सक्तीनं आणि पगार घेऊन शिकायला मिळतं, तेही रोज. आमचे ट्रम्पेटवाले काका तिथेच घडले. तोटा असा, की लष्कर-नौदलात २०२२ पासून अग्निवीर म्हणून भरती होते आणि बहुतेकांची नोकरी चारच वर्षांची असते, शिवाय बदली होते आणि वेळ आपली नसते. ज्याला मोकळेपणा हवा त्यानं गोव्यातल्या कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाची चौकशी करावी किंवा मुंबईत खाजगी शिक्षक धरावा. परदेशातल्या पदवीचा विचार आत्ता अजिबात करू नका. पाच वर्षांनी शिष्यवृत्ती मिळाली तर बघू.

साताऱ्याचा तो मुलगा आता मुंबईत दोन शाळांमध्ये शिकवतो, आमच्याकडे सॅक्सोफोनवाला नसेल तेव्हा त्याच्या जागी बसतो आणि मे महिन्यात गावी जाऊन वडिलांबरोबर सुपाऱ्या वाजवतो. गेल्या वर्षी पत्रक छापायच्या आधी मी त्याला परिचय लिहून मागितला. त्यानं परीक्षांची नावं लिहून पाठवली. मी फोन करून विचारलं, पार्टीचं नाव कुठे आहे? तो जरा वेळ बोललाच नाही, मग म्हणाला, 'चालेल का मॅडम?' आम्ही ते पहिल्या ओळीत छापलं. कार्यक्रमानंतर एक वयस्कर गोवेकर गृहस्थ पत्रक हातात धरून त्याच्याशी अर्धा तास बोलत उभे होते. त्यांचे वडीलही गावच्या बँडमध्ये होते.

आता मुलासाठी काम. पेटीवर पांढरी चार धरा, तो त्याचा सा. ट्रम्पेट बी-फ्लॅटचं असतं, म्हणजे त्यावरचा सी हा पेटीवरच्या काळी पाचला जुळतो. म्हणून पेटीची पांढरी चार ट्रम्पेटवर 'जी' (G) हा स्वर होईल, आणि हा 'जी' एकही व्हॉल्व्ह न दाबता येतो. त्याचा मध्यमही तसाच, व्हॉल्व्हशिवाय येतो. आता तुम्ही पेटीवर बसा आणि चार-चार मात्रांची बारा मापं अशी धरा: चार मापं सा, दोन मापं म, दोन सा, एक प, एक म, आणि शेवटची दोन पुन्हा सा. भाता सोडू नका, स्वर भरून धरा. हा ब्लूज, जॅझमधली पहिली इयत्ता. पहिल्या आठवड्यात त्यानं तुमच्याबरोबर फक्त हेच मूळ स्वर वाजवायचे, कपाटात तोंड करून, बारीक आवाजात. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक मापात त्या मूळ स्वरावरून निघून त्यालाच परत यायचं. जमीन कुठल्या मात्रेला सरकते ते त्याला डोळे मिटून कळू लागलं, की बाप पेटीवर आणि मुलगा ट्रम्पेटवर अशी बारा मापं सलग पाच वेळा मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. पेटीचा आवाज ट्रम्पेटच्या खाली गेला असेल तर पुन्हा करा.